फक्की कोण टाकणार?

अकोल्यात मोर्णेपलीकडच्या एका वस्तीत फुटबॉलचं मंडळ आहे. त्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आणखी दोन मंडळं भांडायला येतील, की ही गोष्ट आमची. या शहरात मंडळांना तोटा नाही. श्रावणात शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी पाहाव्यात, गल्लीगणिक एक मंडळ खांदा देत असतं. फुटबॉलवाले मात्र थोडे. क्रिकेटवाल्यांनी मैदान सोडलं की उरलेल्या उजेडात खेळायचं, पावसाळ्यात काळ्या मातीचा लगदा बुटांना घेऊन घरी जायचं आणि उन्हाळ्यात त्याच मातीच्या भेगांत पाय मुरगळून घ्यायचा, एवढं त्यांच्या वाट्याला.

हे मंडळ एक निवृत्त पी.टी. मास्तर चालवत. त्यांचं शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालेलं, त्यामुळे शिस्त अंगात मुरलेली आणि हट्टही. त्यांच्याकडे दोन वस्तू होत्या. पहिली म्हणजे वर्गणीची वही: महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाचे 10 रुपये, नावासमोर सही. ज्याच्याकडे 10 रुपये नसतील त्यानं जाळी विणायची किंवा मैदानातले दगड वेचायचे. वहीत तेही लिहिलं जाई. दुसरी वस्तू म्हणजे गाठी मारलेली सुतळीची दोरी. 6 यार्डाला एक गाठ, 10 ला एक, 12 ला एक, 18 ला एक. गोलपोस्टपासून दोरी ताणली की छोटी पेटी, मोठी पेटी, पेनल्टीची जागा, मधलं वर्तुळ, सगळं मैदान त्या दोरीतून निघे. दर रविवारी पहाटे दोन पोरांची पाळी. एकानं दोरी धरायची, दुसऱ्यानं डब्यातून चुन्याची फक्की टाकायची. ज्यानं दांडी मारली त्याला 5 रुपये दंड, मग तो कितीही गोल मारणारा असो.

मास्तरांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. वर्गणी त्यांनी वर्षानुवर्षं वाढवली नव्हती. फाटक्या बुटांनी पोरं खेळत आणि मास्तर म्हणत, आम्ही तर अनवाणी खेळलो. बाहेरगावी सामना असला की एसटीच्या भाड्यावरून तासभर वाद चाले. त्यामुळे मंडळाच्या तरुण सेक्रेटरीच्या मनात जे आलं, ते त्याच्या जागी कोणाच्याही मनात आलं असतं.

2013 च्या नोव्हेंबरातली गोष्ट. सेक्रेटरीनं मोबाइलवर एक सामना पाहिला. चीनमधल्या ग्वांगझो शहराचा संघ दक्षिण कोरियाच्या सोल संघाशी बरोबरी करून, बाहेरच्या मैदानावर मारलेल्या जास्त गोलांच्या बळावर आशियाचा विजेता झाला होता. दुसऱ्या दिवशी तो मास्तरांपुढे मोबाइल धरून उभा राहिला.

"मास्तर, हे पाहा. तीन वर्साआधी मॅच फिक्सिंगसाठी ह्या टीमले खालच्या डिव्हिजनमधी फेकलं होतं. एका बिल्डरनं घेतली. आता अख्ख्या आशियाची चॅम्पियन हाये."

"बिल्डर काय खेळते?"

"खेळत नाई, पैसे लावते."

"मंग टीम त्याची झाली. गावाची काय राह्यली?"

सेक्रेटरी हसला. म्हाताऱ्या माणसाशी याहून जास्त काय बोलायचं?

तो सांगत होता ते मात्र खरं होतं. ग्वांगझोचा क्लब 1954 चा, सरकारी क्रीडा खात्याच्या छायेत वाढलेला. 1990 नंतरच्या दशकात चीनमध्ये व्यावसायिक लीग सुरू झाली आणि क्लबांवर कंपन्यांची नावं चढू लागली. 2010 च्या मार्चमध्ये एव्हरग्रँड या घरबांधणी कंपनीनं हा बदनाम क्लब 10 कोटी युआनला घेतला. कंपनीचे मालक शू जियायिन यांनी पुढच्याच वर्षी असा नियम केला, की सामना जिंकला तर संघाला 50 लाख युआन, बरोबरीला 10 लाख, हरला तर उलट 30 लाख दंड. अर्जेंटिनाचा दारियो कॉन्का आला. 2006 मध्ये इटलीला विश्वचषक जिंकून देणारे मार्चेल्लो लिप्पी प्रशिक्षक म्हणून आले. 2011 ते 2017 अशी सलग सात वर्षं लीगचं विजेतेपद ग्वांगझोकडे राहिलं. 2014 मध्ये अलीबाबा कंपनीनं 120 कोटी युआन मोजून क्लबचा निम्मा हिस्सा घेतला. चार वर्षांपूर्वी अख्खा क्लब ज्या किमतीला गेला होता, तिच्या बारा पट रक्कम अर्ध्यासाठी! सेक्रेटरीच्या डोळ्यांसमोर हे आकडे नाचत असतील तर त्यात त्याचा काय दोष?

अकोल्यातही बिल्डर होते. शहराबाहेर शेतं घ्यायची, एनए करायची, दगड रोवून ले-आउट पाडायचा आणि हप्त्यावर प्लॉट विकायचे, असा धंदा जोरात होता. त्यातल्या एका शेठला खेळाची खरीच आवड होती. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांनी उगाच त्याच्यावर दात ठेवू नये. तो मैदानावर आला, पोरांचे बूट पाहून हळहळला आणि म्हणाला, "सारा खर्च माह्याकडे." बदल्यात त्यानं मागितलं एवढंच, की मंडळाच्या नावाआधी त्याच्या ले-आउटचं नाव लागावं.

बैठक भरली. सगळ्यांनी हात वर केले. मास्तरांनी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. एकच विचारलं, "उद्या सकायी फक्की कोन टाकन?"

शेठ मोकळेपणी हसले. "त्याच्यासाठी मानूस ठेवू ना, मास्तर. पोट्ट्यायनं खेळावं, चुन्यात हात कायले घालावे?"

टाळ्या पडल्या. सेक्रेटरीनं त्याच बैठकीत जाहीर केलं, की आजपासून वर्गणी माफ. वही कपाटात गेली. मास्तरांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली आणि घरी नेली. ती कोणी मागितलीही नाही, कारण नव्या माणसानं लोखंडी टेप विकत आणला होता. माझं विचाराल तर मंडळ त्या दिवशीच बंद पडलं. लोकांना कळायला तीन वर्षं लागली.

तीन वर्षं मात्र झोकात गेली. नवे बूट, नवी जर्सी, पाठीवर ले-आउटचा फोन नंबर. कामठीहून चार खेळाडू पैसे देऊन आणले. कामठी ही विदर्भातली फुटबॉलची जुनी खाण, छावणीतल्या गोऱ्या पलटणींच्या काळापासून तिथल्या पोरांच्या पायात चेंडू आहे. ते चौघं खेळायला लागल्यावर वस्तीतली चार पोरं बाकावर बसली, मग सहा बसली. यवतमाळ, वाशिम, बुलडाणा, जिथं संघ गेला तिथून चषक आणला. शेठ प्रत्येक गोलला रोख बक्षीस देत. प्रेक्षकही वाढले, पूर्वी आपल्या घरचं पोर खेळतंय म्हणून पन्नास माणसं यायची, आता तमाशा पाहायला पाचशे यायची. मास्तर मैदानाच्या कोपऱ्यात दहा-बारा वर्षांच्या बारक्या पोरांना घेऊन जुना चेंडू लाथाडत बसत. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री नोटा रद्द झाल्या. प्लॉटचा धंदा निम्मा रोखीवर चालणारा, तो दुसऱ्या दिवशी जागच्या जागी थांबला. शेठनं दोन महिने स्वतःच्या खिशातून ओढले, मग पोरांचे फोन घेणं बंद केलं. कामठीची मंडळी गेली. त्यांना का दोष द्यायचा? ती पैशांवर आली होती, पैशांबरोबर गेली. फक्की टाकणारा माणूस पगार थकल्यावर टेप घेऊन गेला.

आणि मग तो रविवार आला. अमरावतीचा संघ सकाळच्या गाडीनं सामन्यासाठी येऊन उभा. मैदान कोरं. वस्तीतली पोरं जमली, कोणीतरी चुन्याची गोणी आणली, पण मोठी पेटी किती यार्डांची आणि वर्तुळ किती यार्डांचं, हे एकालाही नीट सांगता येईना. तीन वर्षांत कोणी दोरी धरलीच नव्हती. एकानं मोबाइलवर शोधलं तर यार्डाचे मीटर करण्यात अर्धा तास गेला. मास्तर त्या दिवशी अमरावतीला लेकीकडे. शेवटी पाहुण्या संघाला वॉकओव्हर मिळाला. हरण्याची सवय या मंडळाला पूर्वी होती, पण सामना न खेळता हरण्याची ती पहिलीच वेळ.

हे काही अकोल्याचं एकट्याचं दुखणं नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. कंपनीनं 2010 मध्ये संघ बंद केला. फगवाड्याचा जेसीटी 1996-97 च्या पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता; 2011 मध्ये तोही कंपनीनं मिटवला. पुण्यात तर पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी असे एकामागून एक संघ आले आणि गेले. 2019 पर्यंत चारही पुसले गेले होते. मोठ्या माणसांनी खेळाला पैसा देऊच नये असं मात्र मी म्हणणार नाही. गोव्यात धेंपे आणि साळगावकर या घराण्यांच्या पैशानं दोन-तीन पिढ्यांचं फुटबॉल पोसलं. पण कोल्हापुरात जाऊन पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, ही नावं पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर जो संघ उतरतो तो कोणाच्या कंपनीचा नसतो, त्यामुळे कोणाची कंपनी बुडाली तरी तो उतरतोच. तिथं कधी कधी मारामाऱ्याही होतात, त्याचं कौतुक नको. पण माणसं भांडतात ती आपल्या वस्तूसाठी.

सेक्रेटरी सोमवारी अमरावतीला निघाला. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, तरी मास्तरांपुढे काय बोलायचं हे त्याला सुचलं नव्हतं. मास्तर लेकीच्या घरी नव्हते. संध्याकाळी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानाकडे जातात, असं कळलं. तिथं ते एका बाकावर बसून पोरांची कवायत पाहत होते.

सेक्रेटरीनं सगळं सांगितलं. मास्तर 'मी म्हणालो होतो' असं म्हणाले नाहीत. त्यांनी समोर बोट दाखवलं.

"बाबू, हे कोनी सुरू केलं, ठाऊक हाये?"

"वैद्य बंधूंनी ना?"

"हो. अनंतराव अन् अंबादासपंत. 1914 साली. आखाडा होता तवा, कालेज-बिलेज काई नोतं. राजगुरू इथी शिकून गेले. 1936 साली इथली पोट्टी बर्लिनच्या ऑलिंपिकात जाऊन कबड्डी दाखवून आली. मंग इंग्रज गेला, वैद्य गेले, किती सरकारं आली अन् गेली. सकायची हजेरी बंद झाली काय?"

"पन मास्तर, ह्यायलेही तर अनुदान भेटते. देणग्या भेटतात."

"भेटते ना. कोन नाई म्हनते? म्याच चुकलो म्हन तिथी. दहा रुपयात बूट येते काय?" मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. "पैसा घ्यावा. पन कावड पाह्यली ना तू? गांधीग्रामपासून अठरा किलोमीटर. पान्यानं भरलेले कितीक भरणे असतात तिले. एखाद्या पैलवानानं म्हनलं, मी एकटाच उचलतो, तुमी मांगून रिकामे चाला, तर चालन? पैलवान थकला त रस्त्यातच ठेवा लागते. अन् तवरोक मांगच्यायच्या खांद्याची सवय गेली असते."

पिशवीतून त्यांनी दोरी काढून दिली. दोन गाठी सुटल्या होत्या, त्या तिथल्या तिथं मोजून पुन्हा मारल्या.

अकोल्यात परतल्यावर सेक्रेटरीनं वही कपाटातून काढली. पहिल्या रविवारी सात जणांनी वर्गणी दिली. मोठी पोरं रुसून बसली होती. फुकटची सवय लागलेल्याला 10 रुपयेही जास्त वाटतात. आली ती मास्तरांची कोपऱ्यातली बारकी पोरं, जी आता चौदा-पंधरांची झाली होती. सेक्रेटरी मास्तरांपेक्षा हिशेबात पक्का होता, म्हणून त्यानं जुनं सगळं जसंच्या तसं आणलं नाही. वर्गणी 50 रुपये केली. जत्रेत चहाचा स्टॉल लावला. देणगी घ्यायची ठरवली, पण वहीच्या पहिल्या पानावर एक कलम लिहिलं: वर्षाच्या एकूण खर्चाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त रक्कम कोणा एकाकडून घ्यायची नाही, आणि कोणी कितीही दिलं तरी त्याची वर्गणी व फक्कीची पाळी चुकणार नाही. जर्मनीतल्या बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्याच हाती राहावीत असा नियम आहे. सेक्रेटरीनं तो वाचला असेल असं मला वाटत नाही. त्याला तो त्या कोऱ्या मैदानानं शिकवला.

तिकडे चीनमध्ये आधी अकोल्यात घडलं तेच चाललं होतं, फक्त आकड्यांपुढची शून्यं जास्त. 2020 च्या एप्रिलमध्ये एव्हरग्रँडनं ग्वांगझोत कमळाच्या आकाराच्या, 1 लाख आसनांच्या स्टेडियमची पायाभरणी केली. खर्च 1200 कोटी युआन. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला जिआंगसू हा दुसरा संघ लीगचा विजेता झाला, आणि त्याच्या मालक कंपनीनं पैसा थांबवल्यामुळे 28 फेब्रुवारी 2021 ला बंद पडला. विजेतेपदाचा चषक कपाटात चार महिनेही नीट बसला नव्हता. चिनी फुटबॉल संघटनेनं 2021 च्या हंगामापासून क्लबांच्या नावांतून कंपन्या काढायला लावल्या, पण नाव पुसल्यानं कर्ज पुसत नाही. बांधण्याआधीच घरं विकायची आणि त्या पैशावर नवी जमीन घ्यायची, हा एव्हरग्रँडचा धंदा त्या वर्षी कोसळला; देणी 300 अब्ज डॉलरच्या वर गेलेली. परदेशी खेळाडू गेले, प्रशिक्षक गेले, स्टेडियमचं काम थांबलं. 2022 च्या अखेरीला आठ वेळा लीग आणि दोन वेळा आशिया जिंकलेला क्लब खालच्या श्रेणीत घसरला. भरभराटीच्या काळात त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी 40 हजारांवर माणसं येत. क्लब मात्र त्यांचा नव्हता, मग वाचवायचं म्हटलं तरी त्यांनी काय धरून वाचवायचं? जानेवारी 2025 मध्ये जुन्या देण्यांपायी ग्वांगझोला लीगचा परवाना मिळाला नाही. 1954 पासूनचा क्लब विसर्जित झाला.

ती बातमी सेक्रेटरीनं सरावानंतर पोरांना वाचून दाखवली. नव्या पोरांना या संघाचं नावही माहीत नव्हतं. मास्तरांनी विचारलं, "त्यायचं मैदान हाये ना अजून?" मैदान आहे म्हणाल्यावर ते म्हणाले, "मंग कोनीतरी खेळन," आणि बारक्यांना शिट्टी मारली.

राहता राहिले शेठ. त्यांचा धंदा पुन्हा उभा राहिला, नवा ले-आउट पडला आणि एका संध्याकाळी ते मैदानावर आले. जरा ओशाळलेले होते. पुन्हा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली, या वेळी नावाचीही अट नव्हती. सेक्रेटरीनं त्यांच्यापुढे वहीचं पहिलं पान उघडून धरलं. शेठनी ते दोनदा वाचलं, बसतील तेवढेच पैसे दिले, वर्गणीचे 50 वेगळे दिले आणि खाली सही केली. सभासद क्रमांक 31. फक्कीच्या पाळीला आजवर दोनदा आले नाहीत, म्हणून दोनदा दंड भरला आहे. दंड अजूनही 5 रुपयेच आहे; तो वाढवावा की नाही, यावर मास्तर आणि सेक्रेटरी यांचं अद्याप एकमत नाही.